फ्यूजन प्लाझ्मात कचरा टाकला की तांबं-लोखंड वेगळं होतं? जरा थांबा

दोन दिवसांत तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला, की फ्यूजन प्लाझ्मात (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवायला तापवलेला, अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) कुठलाही कचरा टाका, अणू सुटे होतात, तांबं, लोखंड, कार्बन वेगवेगळं मिळतं, वीज फुकट, पुण्यात सुरूपण झालंय, मग ओला-सुका वेगळा करायची कटकट कशाला. हे शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

कल्पना खोटी नाहीये, जुनी आहे. 1969 मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगातल्या ईस्टलंड आणि गॉफ यांनी ती 'फ्यूजन टॉर्च' नावाने मांडली, पण त्यांनी चालता फ्यूजन रिअ‍ॅक्टर गृहीत धरला होता आणि वीज देणारा तसा रिअ‍ॅक्टर आजही कुठेच नाही. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियात लेझरची 2.05 मेगाज्यूल ऊर्जा देऊन फ्यूजनमधून 3.15 मिळाले हे खरंय, पण तो लेझर चालवायला साधारण 300 मेगाज्यूल वीज गेली. मग फुकट कसली?

कचरा 'टाका' म्हणजे कुठे टाका? फ्रान्समध्ये इटर हा प्रायोगिक फ्यूजन रिअ‍ॅक्टर बांधतायत, त्याच्या 800 घनमीटरपेक्षा मोठ्या प्लाझ्मात एका वेळी इंधन असणार एक ग्रॅमपेक्षा कमी, आणि भिंतीचं टंगस्टन कणभर जास्त मिसळलं तरी तो थंड पडायला लागतो. तिथे कचऱ्याचा डबा ओतणार?

अणू सुटे होतात, मान्य, पण बिल बघा ना. एक किलो पॉलिथिनच्या पिशव्यांचे सगळे बंध तोडून प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायचा हिशोब मी मांडला, 95 युनिटच्या आसपास आला, अख्खा महावितरणचा पहिला स्लॅब! त्याच पिशव्या जाळल्या तर उष्णता मिळते जेमतेम 13 युनिट. वर ते अणू वेगळे पकडायचे, नाहीतर थंड होताना परत एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिजला बॉम्बला लागणारं युरेनियम बाकीच्या युरेनियमपासून चुंबकाने वेगळं केलं तेव्हा एका बॉम्बपुरत्या मालासाठी हजारावर यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागली.

आणि पुणे म्हणजे रांजणगावचा घातक कचऱ्याचा प्लांट. तो प्लाझ्मा आर्कचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने तापवलेल्या वायूचा, फ्यूजनचा नाही, त्यातून गॅस आणि काचेसारखा खडा निघतो, सुटी मूलद्रव्यं नाहीत.

आमचा भंगारवाला तांब्याची वायर सोलून वितळवायला पाठवतो, किलोमागे उष्णता लागते पाव युनिटपेक्षा कमी. तीच वायर आमटी-भातात लडबडलेली दिली तर तो हात लावत नाही.