‘झालेला जामीन कोणी काढू शकत नाही’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली, मिरज, विटा या भागात मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे, आणि फौजदारी काम करणाऱ्या माझ्यासारख्या वकिलापुढे पक्षकार तो जणू न्यायालयाचाच आदेश असल्यासारखा धरतात. त्याचा सारांश असा आहे: न्यायालयाने एकदा जामीन दिला की निकाल लागेपर्यंत तो कोणी काढू शकत नाही, तारखेला वकील उभा राहिला की पुरे, दोषारोपपत्र दाखल झाले की पोलीस ठाण्यातील हजेरी आपोआप संपते, फिर्यादीला किंवा साक्षीदाराला भेटून मिटवून घेण्यात गैर काही नाही, जामीनदार कागदापुरता असतो, जामीन रद्द करण्यासाठी फक्त पोलीसच अर्ज करू शकतात, आणि इतके होऊनही तो रद्द झालाच, तर मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन दोन-तीन वर्षे सहज काढता येतात. लिहिणाऱ्याचा हेतू घाबरलेल्या घराला धीर देण्याचा असेलही. परंतु या धीरावर विसंबून ज्यांनी तारखा बुडवल्या, त्यांच्या वतीने वॉरंट रद्द करण्याचे अर्ज मी लिहिले आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिल्या विधानात सत्याचा एक अंश आहे आणि तोच लोकांना फसवतो. जामीन नाकारणे आणि दिलेला जामीन काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीसाठी अधिक भक्कम कारण लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने दौलत राम विरुद्ध हरियाणा राज्य या १९९५ साली प्रकाशित झालेल्या निकालात स्पष्ट केले आहे. त्याच निकालात ती कारणेही सांगितली आहेत: न्यायदानात अडथळा आणणे, न्याय टाळण्यासाठी पळ काढणे आणि मिळालेल्या सवलतीचा गैरवापर करणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढे नुसते ‘कलम’ म्हटले की याच संहितेचे) कलम ४८०(५) प्रमाणे जामीन देणारे न्यायालय, आणि कलम ४८३(३) प्रमाणे सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय, जामिनावरील व्यक्तीला पुन्हा अटक करून कोठडीत पाठवण्याचा आदेश देऊ शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे अधिकार कलम ४३७(५) आणि ४३९(२) मध्ये होतेच. याशिवाय आणखी एक मार्ग आहे, ज्याचा या संदेशाला पत्ताही नाही. आरोपीने जामिनावर असताना एकही चूक केलेली नसली, तरी मूळ आदेशच महत्त्वाच्या बाबींकडे दुर्लक्ष करून दिला गेला असेल, तर वरिष्ठ न्यायालय तो रद्दबातल ठरवू शकते. मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे मिळालेला जामीनही अभेद्य नाही, टी. गंगी रेड्डी प्रकरणात १६ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुणवत्तेवरही, म्हणजे गुन्ह्याचे स्वरूप आणि पुरावा पाहूनही, रद्द होऊ शकतो असे सांगितले, मात्र केवळ मागाहून दोषारोपपत्र आले एवढे कारण त्याला पुरत नाही.

तारखेचा मुद्दा सर्वांत मोठा आहे, कारण माझ्या पाहण्यात जामीन गमावणारी बहुतेक माणसे साक्षीदाराला धमकावणारी नसतात, तारीख हलक्यात घेणारी असतात. जातमुचलक्यावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, आरोपी सही करतो तेव्हा वकील हजर राहील असे तो लिहून देत नाही, आपण स्वतः हजर राहू असे लिहून देतो. पुकारा झाला आणि आरोपी नाही, वकिलाचा अर्जही नाही, म्हणजे रोजनाम्यात, न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, गैरहजेरीची नोंद पडते आणि अजामीनपात्र वॉरंटाची वाट मोकळी होते. त्यापुढे कलम ४९१ प्रमाणे बंधपत्राची रक्कम जप्त होण्याची कारवाई, आणि अट मोडल्यामुळे बंधपत्र जप्त झाले तर कलम ४९२ प्रमाणे बंधपत्रच रद्द होण्याचा परिणाम येतो. पुरेसे कारण दाखवता आले नाही तर त्या खटल्यात केवळ स्वतःच्या जातमुचलक्यावर पुन्हा सुटका मिळत नाही, नवे जामीनदार उभे करावे लागतात. एवढ्यावरही थांबत नाही. पुरेशा कारणाशिवाय न्यायालयात हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मूळ खटल्यातून निर्दोष सुटेल असा माणूस या दुसऱ्या गुन्ह्यात अडकू शकतो.

आमच्या जिल्ह्यात या अडचणीला खास चेहरा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेले आहेत. गावी यात्रेला आल्यावर भावकीत भांडण होते, गुन्हा दाखल होतो, जामीन होतो आणि माणूस चार दिवसांत आपल्या दुकानावर केरळात किंवा तमिळनाडूत परततो. महिन्या-दीड महिन्याला दोन दिवसांचा प्रवास करून विट्याला येणे त्याला खरोखर जड जाते, आणि नेमक्या याच माणसाला ‘वकील आहे ना’ हे वाक्य गोड वाटते. त्याच्यासाठी कायद्यात वाट आहे, पण ती अर्जातून जाते. कलम ३५५ प्रमाणे, आरोपीची व्यक्तिशः हजेरी न्यायासाठी आवश्यक नाही असे वाटल्यास न्यायालय वकिलाच्या उपस्थितीत काम चालवू शकते, आणि नव्या संहितेतील स्पष्टीकरणानुसार दृकश्राव्य माध्यमातून हजर राहणे हीसुद्धा व्यक्तिशः हजेरीच धरली आहे. ओळख पटवण्याचा प्रश्न नाही, आपल्या गैरहजेरीत झालेल्या साक्षीदाराच्या तपासणीला हरकत घेणार नाही, पत्ता आणि दूरध्वनी बदलला तर कळवीन, असे लिहून दिलेला अर्ज मंजूर होण्याची शक्यता चांगली असते. दोषारोप ठेवण्याचा दिवस, आरोपीचा जबाब आणि निकाल या तारखांना मात्र तिकीट आधी काढून ठेवावे. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीचेही तसेच आहे. मजूर ठरलेले असतात आणि बाग थांबत नाही हे इथल्या न्यायाधीशांनाही ठाऊक असते, पण ते कारण पुकाऱ्याच्या आधी कागदावर यावे लागते. वॉरंट निघाल्यानंतर सांगितलेले तेच कारण सबबीसारखे ऐकू येते. आणि निघालेच वॉरंट, तर पोलीस दारात येण्याची वाट न बघता स्वतः न्यायालयात हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज द्यावा. पकडून आणलेल्यात आणि चालत आलेल्यात न्यायालय फरक करते.

पोलीस ठाण्यातील हजेरी दोषारोपपत्रानंतर आपोआप संपते की नाही, याचे उत्तर संदेशात नाही, आदेशात आहे. ‘दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत’ असे शब्द असतील तर संपते. ‘पुढील आदेशापर्यंत’ असे असतील तर संपत नाही. अटकपूर्व जामिनाबाबत तर सुशीला अग्रवाल प्रकरणात २९ जानेवारी २०२० रोजी घटनापीठाने सांगितले की तो सामान्यतः खटला संपेपर्यंत टिकतो, म्हणून त्याच्या अटीही टिकतात असेच धरून चालावे. माझ्या एका पक्षकाराने सोळा आठवडे दर सोमवारी हजेरी दिली आणि नेमकी चार आठवड्यांची नोंद वहीत सापडली नाही, कारण ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या’ असे सांगून त्याला परत पाठवले होते आणि तो मुकाट परतला होता. त्या चार सोमवारांवर सरकार पक्षाने जामीन रद्द करण्याचा अर्ज उभा केला. अर्ज फेटाळला गेला, पण त्यासाठी एसटीची तिकिटे शोधावी लागली. त्यानंतर मी प्रत्येकाला सांगतो की सही घेतली नाही तर दोन ओळींचा अर्ज लिहून आवक शिक्का घ्यावा, शिक्काही दिला नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवावा.

फिर्यादीला भेटून मिटवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण तो चांगुलपणाच्या वेषात येतो. कलम ४८०(३) मधील अट अशी आहे की प्रकरणाची माहिती असणाऱ्या कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रलोभन, धमकी किंवा वचन देऊ नये. यातल्या ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात आपली सगळी गावकी बसते. आरोपी स्वतः गेला नाही, मामांना पाठवले, माजी सरपंचांना मध्ये घातले, देवळात नारळ ठेवून ‘जबाब जरा सौम्य द्या’ म्हणवून घेतले, हे सर्व अप्रत्यक्षच आहे. ‘वचन’ हा शब्दही विसरू नये: बांधावरचा दावा सोडून देतो, तुम्ही साक्ष सोडा, हा सौदा धमकीशिवायही अटभंग ठरतो. मोबाइलच्या स्टेटसवर फिर्यादीचे नाव न घेता टाकलेला तलवारीचा फोटो तर सरकारी वकिलाचे निम्मे काम करून देतो. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे, हे त्यावर आणखी. तडजोड निषिद्ध नाही. कलम ३५९ मध्ये कोणते गुन्हे मिटवता येतात याचा तक्ताच दिला आहे आणि बाकीच्यांसाठी दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयात जाता येते. पण ती बोलणी दोन्ही बाजूंच्या वकिलांमार्फत किंवा लोक अदालतीत व्हावीत. विहीर सामाईक आहे, वाट एकच आहे, त्यामुळे फिर्यादीच्या दारावरून जावेच लागते, अशी स्थिती असेल तर फिर्यादीजवळ न फिरकण्याची अट बदलून घेण्याचा अर्ज करावा.

अट जाचक आहे म्हणून ती मोडण्याचा हक्क मिळत नाही, पण बदलून मागण्याचा हक्क नक्की आहे, आणि या बाबतीत संदेश गप्प आहे याचे मला नवल वाटते. महाराष्ट्र सोडून जाऊ नये ही अट साताऱ्याच्या माणसाला एक वेळ चालेल. पण आमच्याकडे म्हैसाळ ओलांडले की कागवाडला कर्नाटक लागते, आणि जतच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याचा बाजार विजयपूरला असतो, हे न्यायालयाला अर्जातूनच कळणार. गुगल मॅपवर आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी अट घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फ्रँक व्हायटस प्रकरणात ८ जुलै २०२४ रोजी ठरवले. सुटकेचा आदेश होऊनही महिनाभरात जामीनदार उभा करता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत आहे.

जामीनदार कागदापुरता नसतो, हे ज्याने सातबारा दिला त्याला पहिली नोटीस आल्यावर कळते. आरोपी फिरकला नाही तर दंड जामीनदाराकडून वसूल होतो, आणि तो भरला नाही व वसूलही झाला नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणूनच कलम ४८९ ने त्याला कधीही अंग काढून घेण्याची मुभा दिली आहे. त्याने अर्ज दिला की आरोपीला बोलावले जाते आणि नवा जामीनदार न मिळाल्यास आत जावे लागते. जामीनदार वारला तर तेही लपवू नये.

फक्त पोलीसच अर्ज करू शकतात, हे तर साफ चूक आहे. फिर्यादी करू शकतो, न्यायालय स्वतःहून दखल घेऊ शकते, आणि आर. रतिनम प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने काही वकिलांनी मिळून केलेली विनंतीसुद्धा उच्च न्यायालयाने विचारात घ्यावी असे म्हटले. नवा गुन्हा दाखल झाल्याने पहिला जामीन आपोआप जात नाही, पण तशाच स्वरूपाचा गुन्हा करणार नाही ही अट असल्यामुळे फिर्यादीच्या हाती अर्ज करण्याचे कारण येते.

राहिला मुंबईचा हिशेब. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील कामे कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर चालतात. जामीन रद्द झाल्यावर दाद मागणाऱ्या आरोपीला ते जवळ झाले, हे खरे आहे. पण वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती नसेल तर दाद मागणे चालू असतानाही माणूस आतच असतो, आणि ज्या फिर्यादीला मुंबईचा खर्च झेपत नव्हता, तोही आता सांगलीहून सकाळच्या गाडीने निघून दुपारच्या आत तिथे पोहोचतो.