मालिकेतली मुलगी गायला लागते तेव्हा

मालिकेतल्या एखाद्या अभिनेत्रीने स्वतःचं गाणं काढलं की त्याखाली काय कमेंट येणार हे आधीच ठरलेलं असतं. "ॲक्टिंग धड जमत नाही, आता गळा काढतेय." "चॅनेलने डोक्यावर चढवून ठेवलंय." गाणं ऐकायच्या आधीच निकाल. मला याचा मनापासून राग येतो. आणि असा राग आला की मला ऑस्ट्रेलियन पॉप गायिका कायली मिनोग आठवते. आज तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय, वेळ काढून वाचा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते २००९ च्या दिवाळीत, 'ब्लू' सिनेमात अक्षय कुमारबरोबर नाचताना. रहमानचं संगीत, सुरुवातीचा इंग्रजी भाग तिच्या आवाजात, पुढे सोनू निगम. सिनेमा पडला आणि "कोण ती गोरी बाई" एवढ्यावर आपल्याकडे तिचा विषय संपला. त्या वेळी ती ४१ वर्षांची होती, २२ वर्षं गात होती आणि कॅन्सरच्या उपचारांतून उठून पुन्हा स्टेजवर उभी राहिली होती.

तर मुळापासून सांगते. मेलबर्नची मुलगी, जन्म १९६८ चा. लहानपणापासून ऑस्ट्रेलियन टीव्हीवर छोटी-मोठी कामं करायची. 'नेबर्स' नावाची मालिका १९८५ मध्ये सुरू झाली, एका वाहिनीने ती वर्षभरातच बंद केली आणि दुसऱ्या वाहिनीने उचलली. १९८६ मध्ये कायली त्यात आली, चार्लीन नावाच्या मुलीच्या भूमिकेत. चार्लीन गॅरेजमध्ये मेकॅनिक व्हायला निघालेली, अंगात ओव्हरऑल, केस कुरळे, तोंडाने फटकळ. तिच्या आईला हे अजिबात पसंत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक मालिकेत तरुण मुलीच्या हातात पाना देणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि शाळकरी मुलींना ती का आवडली असेल हे मला लगेच कळतं.

आठवड्याला पाच भाग. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. मी काही वर्षं डेली सोपच्या सेटवर सहाय्यक म्हणून काम केलंय. सकाळी सातचा कॉल टाइम. मेकअपच्या खुर्चीत केसांना रोलर लावलेले असताना हातात सीनचा कागद येतो, कधीकधी प्रिंटरमधून निघालेला गरम. तीन पानांचे संवाद, वीस मिनिटांत पाठ. सकाळी वडील गेल्याचा सीन, दुपारी हळदीचा, आणि संध्याकाळी परत मागच्या आठवड्यातलं भांडण, कारण तो दिवाणखाना आजच लागलाय. डावा हात खुर्चीवर होता की उजवा हे लक्षात ठेवायचं, खुणेवर थांबायचं, दिव्याकडे तोंड ठेवायचं, समोरचा अडखळला तर सांभाळून घ्यायचं, आणि हे सगळं करताना डोळ्यांत पाणी खरं वाटलं पाहिजे. दुसऱ्या टेकला वेळ नसतो. बाहेरून ज्याला "मालिकेतला टुकार अभिनय" म्हणतात तो या परिस्थितीत उभा राहिलेला असतो. मेलबर्नचा सेट माझ्या डोळ्यांसमोर नाही, पण आठवड्याला पाच भाग म्हणजे माणसाच्या मेंदूला आणि शरीराला काय सवय लागते, ते मला पक्कं माहीत आहे.

आता ऐका. मालिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एका फुटबॉल क्लबच्या मदतनिधीच्या कार्यक्रमात ती १९६२ मधलं एक जुनं नाचाचं गाणं गायली, 'द लोकोमोशन'. त्यातून मशरूम रेकॉर्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीने तिला करारबद्ध केलं. १९८७ च्या जुलैमध्ये ते गाणं आलं, सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपलेलं सिंगल ठरलं. मग तिला लंडनला पाठवलं, स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या गाणी लिहून ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या तिघांकडे. त्या काळात ब्रिटिश पॉपमध्ये या तिघांचा नुसता धडाका होता. पण ती येणार आहे हे पीट वॉटरमनने इतरांना सांगितलंच नव्हतं! ती दिवसेंदिवस लंडनमध्ये थांबून राहिली, परतीचं विमान जवळ आलं, तेव्हा कुठे माइक स्टॉकला कळलं की ऑस्ट्रेलियाची कोणी टीव्हीवरची मुलगी बाहेर बसली आहे. ती बाहेर वाट बघत असताना आत सुमारे चाळीस मिनिटांत गाणं लिहिलं गेलं. आणि तिने ते तासाभराच्या आत रेकॉर्ड करून टाकलं. एकेक ओळ ऐकायची आणि म्हणायची. इतक्या झटपट काम झालं ते तिच्या तयार कानामुळे आणि पटकन पाठ करण्याच्या हातोटीमुळे, असं पुढे स्टॉकनेच सांगितलं.

ही हातोटी कुठून आली असेल, हा प्रश्न मला तरी पडत नाही.

'आय शुड बी सो लकी' १९८८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पाच आठवडे तिथेच राहिलं. स्टॉकला नंतर ऑस्ट्रेलियाला जाऊन तिची माफी मागावी लागली. त्याशिवाय पुढचं गाणं मिळणार नव्हतं.

मालिकेचा फायदा झाला का? झालाच, प्रचंड झाला. बीबीसीने 'नेबर्स' दुपारी दाखवायला सुरुवात केली होती. १९८८ च्या जानेवारीपासून तिचं दुसरं प्रसारण संध्याकाळी ५.३५ वाजता आणलं, शाळेतून मुलं घरी आलेली असतात त्या वेळेला. पुढच्याच महिन्यात गाणं पहिलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये चार्लीन आणि स्कॉटच्या लग्नाचा भाग दाखवला, तो जवळपास दोन कोटी लोकांनी पाहिला. स्कॉट म्हणजे जेसन डोनोव्हन, आणि पाठोपाठ त्या दोघांचं युगुलगीत बाजारात! ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी तिला चार लोगी, म्हणजे तिथले टीव्ही पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोच्च मानला जाणारा गोल्ड लोगीही होता. तेव्हा ती १९ वर्षांची होती. मालिकेने दार उघडून दिलं, हे कोणी नाकारत नाही, तीही नाकारत नाही.

पण त्या दारातून किती जण आत गेले ते बघा. जेसन डोनोव्हनचा पहिला अल्बम १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये तुफान चालला, दोन-तीन वर्षांत तो भर ओसरला आणि तो संगीत रंगभूमीकडे वळला, तिथे चांगलं कामही केलं. 'नेबर्स'मधलेच स्टीफन डेनिस आणि क्रेग मॅक्लॉक्लन, दोघांनीही गाणी काढली. एखादं गाजलं, पुढे नाव राहिलं ते अभिनेते म्हणूनच. नताली इम्ब्रूलियाचं १९९७ मधलं 'टॉर्न' आजही रेडिओवर लागतं, आणि मला ते फार आवडतं. हॉली व्हॅलन्स २००२ मध्ये आली आणि लवकरच दिसेनाशी झाली. मालिका तीच, प्रेक्षक तोच, काहींच्या बाबतीत निर्मातेसुद्धा तेच. तरी ३५ वर्षांनंतर पहिल्या क्रमांकाचा अल्बम देणारी त्यातली एकच. नुसत्या मालिकेच्या पुण्याईवर हे होत असतं तर सगळ्यांचंच झालं असतं.

तिला काय काय म्हटलं गेलं! "सिंगिंग बजी" हे नाव तिला चिकटवलं, म्हणजे पिंजऱ्यातला चिवचिवणारा छोटा पोपट. आवाज पातळ आहे, हे खरं. सुरुवातीच्या दोन अल्बममध्ये भरतीची गाणी आहेत, दुसऱ्यात तर पहिल्याचीच नक्कल आहे, हेही मी मान्य करते. पण टीकाकारांचा खरा आक्षेप वेगळाच होता. ती स्वतः लिहीत नाही, दुसऱ्यांनी दिलेलं गाते, म्हणजे ती कलाकार नव्हे. हा आक्षेप मराठी माणसाने तरी मान डोलावून ऐकू नये. आशाताईंनी गाणं स्वतः लिहिलं की चाल स्वतः लावली, असं आपण कधी विचारलंय? शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि तरी गाणं आशाताईंचं, हे आपल्याला न सांगता कळतं. आणि अभिनय करणाऱ्याने गावं की नाही, हा प्रश्न तर आपल्याला शोभतच नाही. १८८० मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपण नटाच्या गळ्यावर जीव टाकत आलोय. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्या पदांना वन्समोअर देऊन रात्री जागवणाऱ्यांची आपण नातवंडं-पतवंडं. कायलीची तुलना मी त्यांच्या गायकीशी करत नाही, ती होऊच शकत नाही. एकाच माणसाने पात्रही उभं करावं आणि गावंही, यात कमीपणा शोधायची सवय आपली नव्हती, एवढंच म्हणतेय. ती आपण कुठून उचलली कोण जाणे.

तिच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात भावणारा काळ नव्वदीचा आहे, जेव्हा तिचं पूर्वीइतकं खपत नव्हतं. १९९२ मध्ये तिने त्या तिघांची कंपनी सोडली. १९९४ मध्ये 'कन्फाइड इन मी' आलं. तंतुवाद्यांनी सुरू होणारं, पूर्वेकडचे सूर मिसळलेलं गाणं, आवाज खाली, जवळजवळ कानाशी. हीच ती मुलगी यावर विश्वास बसत नाही. १९९५ मध्ये निक केव्ह या तिच्याच देशातल्या, अंधाऱ्या, रक्तरंजित कथा गाणाऱ्या गायकाबरोबर तिने युगुलगीत केलं, ज्यात ती खून झालेल्या मुलीच्या तोंडून गाते. तिथे तिचा तो पातळ, निरागस आवाजच गाण्याचा कणा आहे. दमदार आवाजाच्या गायिकेने गायलं असतं तर ते गाणं मेलं असतं. पात्र ओळखून आवाज लावणं म्हणतात ते हे.

त्याच केव्हच्या सांगण्यावरून १९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कवितांच्या कार्यक्रमात ती एकटी उभी राहिली आणि 'आय शुड बी सो लकी'चे शब्द कविता म्हणून वाचले. संगीत नाही, नाच नाही. ज्या गाण्यावरून आठ वर्षं तिची टर उडवली गेली तेच गाणं, त्याच्यासकट ती कवींच्या समोर गेली. याला धैर्य लागतं. मला तरी तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग वाटतो.

मग 'इम्पॉसिबल प्रिन्सेस'. या अल्बमचे बहुतेक शब्द तिचे स्वतःचे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये राजकुमारी डायनाचा मृत्यू झाला, ते शीर्षक ब्रिटनमध्ये बदलावं लागलं, अल्बम लांबला आणि पडला. "स्वतः लिहीत नाही" म्हणणाऱ्यांनीच "हिला हे कोणी सांगितलं होतं" म्हटलं. आज तोच अल्बम तिचे चाहते उराशी धरतात. मीही त्यांतलीच.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २००० मध्ये 'स्पिनिंग अराउंड' आणि ती सोनेरी हॉट पँट, त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकचा समारोप, आणि २००१ मध्ये 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड'. ते गाणं लिहिलं कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी. त्यातला "ला ला ला" तिने किती सपाट, किती थंडपणे म्हटलाय ते ऐका. जरा जोर लावला असता तर गाणं सामान्य झालं असतं.

मे २००५ मध्ये, ३७ वा वाढदिवस काही दिवसांवर असताना, स्तनाचा कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. दौरा अर्ध्यावर थांबला. बातमीनंतरच्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलियात मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या नोंदणीत सुमारे ४० टक्के वाढ झाली, आणि आधी कधीच तपासणी न केलेल्या बायकांमध्ये ती दुपटीच्या आसपास गेली. रोज संध्याकाळी घरात येणारी चार्लीन आजारी पडली, म्हणून बायका उठून तपासणीला गेल्या. घराघरांत जाण्याची ताकद म्हणजे नेमकं काय, ते इथे दिसतं. मालिकेला नाकं मुरडणाऱ्यांनी या आकड्याजवळ जरा थांबावं.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत ती परत उभी राहिली. आजारपणामुळे २००५ चा इंग्लंडमधला ग्लास्टनबरी संगीत महोत्सव हुकला होता, तो तिने २०१९ मध्ये केला. तिथे त्या हुकलेल्या वर्षाबद्दल बोलताना तिला रडू आवरलं नाही. निक केव्ह स्टेजवर आला, दोघांनी ते जुनं युगुलगीत गायलं. २०२० मध्ये सलग पाच दशकांत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम देणारी ती पहिली गायिका ठरली. २०२३ च्या मेमध्ये, ५५ वी पूर्ण व्हायला दहा दिवस असताना, 'पदाम पदाम' हे गाणं आलं, विशीतल्या पोरांनी उचलून धरलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, पहिल्या ग्रॅमीनंतर तब्बल वीस वर्षांनी.

आणि २०२२ मध्ये 'नेबर्स'चा शेवटचा म्हणून जाहीर झालेला भाग झाला (मालिका नंतर पुन्हा सुरू झाली, ते वेगळं), तेव्हा ती आणि जेसन डोनोव्हन चार्लीन आणि स्कॉट म्हणून परत मालिकेतल्या त्या गल्लीत आले. एवढं नाव झाल्यावर ती मालिकेचं ओझं सहज झटकू शकली असती. तिने कधीच झटकलं नाही.

ज्यांनी तिला फक्त अक्षय कुमारबरोबर पाहिलंय त्यांनी आज 'कन्फाइड इन मी' ऐका, हेडफोन लावून, दुसरं काही न करता. मग २०१९ चं ग्लास्टनबरी बघा. आणि आपल्या मालिकांमधून गाण्याकडे वळलेलं कोणी तुम्हाला मनापासून आवडत असेल तर खाली नाव आणि गाणं दोन्ही लिहा. मी एकेक ऐकणार आहे आणि प्रत्येकाला उत्तर देणार आहे. न ऐकता शेरे मारायचे असतील तर ते या पोस्टखाली नकोत.