साठचे सत्त्याहत्तर

पहाटे पावणेपाचला फोन वाजला तेव्हा वाटलं, कुणीतरी गेलं. गेलं होतंच, पण माणूस नव्हे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावरचं आमचं सॉफ्टवेअर. काट्यावर गोणी चढली की वजन संगणकात उतरतं, पट्टी छापली जाते आणि तीच नोंद आमच्या सर्व्हरवर जाते, असा एकूण संसार. त्यातलं 'जाते' हे क्रियापद बंद पडलं होतं.

"इंजिनिअर साहेब, 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं लाल लाल येतंय," मापाडी काका म्हणाले. "आणि पट्टीवर तारीखपण जुनीच छापतंय."

"तारखेचं नंतर बघू काका. आधी मुख्य बिघाड बघतो."

हे मी बोललो. शुद्धीत.

बूट घालत होतो तेवढ्यात आई उठून आली. "जातोच आहेस तर येताना हॉलमधल्या घड्याळाला सेल आण. आठ दिवस बंद आहे. घरात इंजिनिअर असून..." उरलेलं वाक्य मी जिन्यात ऐकलं.

ठाण्याहून वाशी लोकलला खिडकी मिळाली, म्हणजे विचार करायला सवड मिळाली, आणि तीच नको होती. नोंदी वाहून नेण्याचं काम मी लिहिलेलं नाही; ते लिबकर्ल नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, करते. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्गचा प्रोग्रॅम कर्ल ह्या नावानं 1998 साली बाहेर आला, 2000 साली त्याची ही लायब्ररी झाली. फुकट, सोर्स सगळ्यांना उघडा. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसून मुकाट्यानं निरोप पोचवणारी. फोनात असते, टीव्हीत असते. गाडीच्या पडद्यावर सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या मजकुरात स्टेनबर्गचा ईमेल दिसतो, म्हणून गाडी बिघडलेले लोक त्यालाच पत्रं धाडतात. 2021 साली मंगळावर हेलिकॉप्टर उडालं, त्या मोहिमेतही कर्ल होतं. आता जे मंगळाच्या कामी आलं ते सानपाड्याच्या पुढच्या स्टेशनाला अडलं, तर संशयित कोण हे सांगायला पंचनामा लागत नाही.

माझा पूर्वेतिहासही बरा नाही. ही लायब्ररी सर्व्हरचं उत्तर एकगठ्ठा आणत नाही. येईल तसे तुकडे हातात देते, एका खेपेला फार तर 16 किलोबाइट. पहिला तुकडा आला की मी उत्तर पूर्ण आलं असं धरायचो. म्हणजे माथाड्यानं ट्रकातली पहिली गोणी पाठीवर आणली आणि मी ट्रक रिकामा झाल्याची सही ठोकली. मग टाइमआउटचं प्रकरण. एकूण कामाला किती वेळ द्यायचा ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर किंमत शून्य, आणि इथे शून्य म्हणजे 'लगेच' नव्हे, 'जन्मभर'. एकदा दुपारभर तो गाळा असाच ताटकळला होता. दोन्ही वेळा मी शेठना "नेटचा प्रॉब्लेम" असं सांगितलं होतं.

गाळ्यावर पोचलो तर लिलावाची गडबड, सुतळीचा वास, आणि कीबोर्डच्या फटींत कांद्याची सालं. लॅपटॉप एका रिकाम्या गोणीवर मांडला. पहिला शोध लागला तो स्वतःबद्दलच. लायब्ररी प्रत्येक दुखण्याला वेगळा आकडा देते: सर्व्हरचं नाव सापडलं नाही तर 6, जोडणी झाली नाही तर 7, वेळ संपली तर 28. मी सगळ्यांना एकाच दावणीला बांधून 'संपर्क होत नाही' हे एकच वाक्य लिहून ठेवलं होतं. वापरणाऱ्याला घाबरवू नये म्हणून, असं तेव्हा वाटलं होतं. खरं म्हणजे कंटाळा.

आकडा छापून घेतला. 60. म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, त्याच्या ओळखपत्रावर, विश्वास बसत नाही. ही सर्टिफिकेटं देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी असलेली फाइल जुनी झाली असणार, असं मी ठरवून टाकलं, नवी उतरवली, आणि घाईत तिचा पत्ता चुकीचा लिहिला. 60चे 77 झाले.

"वाढला का भाव?" काकांनी विचारलं.

पत्ता सुधारला, पुन्हा 60. काका जरा खट्टू झालेले दिसले. एवढ्यात सरांचा फोन. "अरे, ती सर्टिफिकेटची तपासणी शून्य कर ना. तात्पुरती." आमच्या ऑफिसात तात्पुरत्या गोष्टी निवृत्त होईपर्यंत टिकतात, हे मला माहीत आहे. किल्ली सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार. पण मागे चार जण पट्टीसाठी उभे, पुढे शेठ. मी शून्य केलं.

सगळं धडाधड गेलं! सर्व्हरनं 200, म्हणजे 'पोचलं', असा आकडा दिला, मी चहा सांगितला. चहा येण्याआधी सरांचा पुन्हा फोन. "आज गाळ्यावर कांदाच आला नाही का? रिपोर्ट रिकामा आहे."

कांदा आला होता. फक्त तो 1 जानेवारी 2012 ला आला होता.

मग मी ते केलं जे पहाटेच करायचं. लायब्ररीला कारण लिहायला आपण 256 बाइटांची मोकळी जागा द्यायची असते. मी कधी दिलीच नव्हती. तपासणी परत चालू केली, जागा दिली, आणि तिनं ताबडतोब लिहिलं की सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही. खरंच होतं ते. त्या संगणकाच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्माला यायचं होतं.

गाळा बंद करताना रात्री मेन स्विच पाडतात. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ थेट 2012 मध्ये जाऊन बसत होतं. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय असते, ती कुणीतरी बंद करून ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मीच. का, ते आठवत नाही.

सीआर 2032 बाहेरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. "दोन न्या, लागतात," तो म्हणाला. मीही शहाण्यासारखे दोन घेतले. नंतर 2012 सालच्या त्रेचाळीस नोंदी हातानं आजच्या करायच्या होत्या. काका पट्ट्या वाचत होते, मी टाइप करत होतो. "मी पहाटेच बोललो होतो" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. चहा बशीत ओतून, माझ्याकडे बघत, सावकाश प्यायले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी पोचायला चार वाजले, असावेत. हॉलमधल्या घड्याळात सव्वानऊ होते.

"आणलास सेल?"

आणला होता की! खिशातून उरलेला सीआर 2032 काढून मी आईच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ज्याला पेन्सिल सेल लागतो.

"ही टिकली," आई म्हणाली, "कुणाला लावू?"