पैसा आमचा, मग कोड कुलपात का?

2015 साली केंद्राचं धोरण आलं: सरकारी सॉफ्टवेअरसाठी ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला, पहिली पसंती. निविदेत ओपन सोर्सचा विचार करायची अट घाला, ते वगळलं तर पुरवठादाराने कारण द्यावं. कुठायत ती कारणं?

कोरोनाचं सरकारी अ‍ॅप आरोग्य सेतू 2 एप्रिल 2020ला आलं, बघता बघता कोट्यवधी फोनांत गेलं. त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला 26 मेला. तोवर विश्वास कशावर ठेवायचा? कोड मागितला की म्हणे सुरक्षेचा प्रश्न! अहो, कुलूप कसं बनतं हे कळलं म्हणून किल्ली हातात येते का?

कोड कुलपात, म्हणून कंत्राटदार बदलला की पोर्टल पहिल्यापासून, लॉगिन पहिल्यापासून, आमची कागदपत्रंही पहिल्यापासून. वर्डसारखं ओपन सोर्स लिबरऑफिस मराठीत आहे, फुकट आहे, तरी अर्ज वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलमध्येच हवा. का? कोणासाठी?