"लाडू जास्त झाला तर गोळी जास्त" म्हणे!

"दिवाळीत बिनधास्त गोड खा, शुगर वाढणार नाही" वाला मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. पाच मुद्दे, पणतीचा फोटो आणि खाली "आपल्या माणसांना पाठवा". आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, मी दोनदा गप्प बसले, पण यंदा चिपळूणच्या आत्याने तो खरंच अमलात आणला, म्हणून आता लिहितेय.

सगळ्यात डेंजर मुद्दा आधी. "फराळाच्या दिवशी डायबिटीसची एक गोळी जास्त घ्या, हिशोब बरोबर होतो." हिशोब कसला, ही काय वाण्याकडची उधारी आहे? आत्याची गोळी ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लंय की नाही याची वाट बघत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आत्याने दोन गोळ्या घेतल्या, आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्याशिवाय फराळाला बसायचं नाही ही त्यांच्या घरची पद्धत, त्यात नातवंडं उठता उठेनात. साडेसातला दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं काहीच्या बाही. मशीनवर शुगर ५४! ७०च्या खाली गेली की कमी धरतात. वहिनी घाईने लाडू भरवायला निघालेली, पण लाडवात तूप, त्यातली साखर रक्तात चढायला वेळ लागतो. मग तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, डॉक्टरांना फोन केला आणि दिवसभर मोजतच बसलो कारण या गोळीचा असर तास-दोन तासात उतरत नाही. म्हणजे साखर वाढू नये म्हणून गोळी घेतली आणि शेवटी साखरच पाजावी लागली.

मेटफॉर्मिन ही डायबिटीसची दुसरी गोळी घेणारे म्हणतील आमचं असं होत नाही. बरोबर, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा इतकी खाली जात नाही. पण म्हणून एक्स्ट्रा गोळीने लाडू माफ होतो असंही नाही. डोस बदलायचा तो डॉक्टरांनी, ग्रुप अ‍ॅडमिनने नाही.

दुसरा मुद्दा, "साखरेऐवजी गूळ वापरा, गूळ नैसर्गिक." कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात एकदा उभे राहून बघा, ज्या उसाच्या रसाची कारखान्यात साखर होते त्याचाच काहिलीत आटवून गूळ होतो. गुळात साधारण ७० ते ८५ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे साखरच. थोडी खनिजं असतात, मान्य, पण त्यासाठी गूळ खायचा तर आधी शुगर बघा. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या गाइडलाइनमध्ये मध, पाक आणि फळांचा रससुद्धा साखरेतच मोजलाय, आणि रोजच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलंय. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. आता आमच्या घरचं प्रमाण, अर्धा किलो बेसन, ४०० ग्रॅम पिठीसाखर, पाव किलो तूप, लाडू होतात तीस. एका लाडवात १३ ग्रॅम. दोन खाल्ले की कोटा संपला, चहा आणि करंजी अजून बाकीच आहे. आणि हे धडधाकट माणसाचं झालं.

"कारीट फोडून कडू रस जिभेला लावला की गोड बाधत नाही." यावर काय बोलणार? आम्हीही तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कारीट फोडतो, मजा येते, पण तो नरकासुर आहे, इन्शुलिन नाही!

"चार दिवसांनी काय होतंय", हे मात्र अर्धं खरं. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते, चार दिवसांनी ती फार हलत नाही. पण आपली दिवाळी चार दिवसांची असते कुठे? दसऱ्याच्या बासुंदीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत डबे उघडेच. आणि शेवटचा "खाल्ल्यावर चाला" हा मुद्दा बरोबर आहे, चालल्याने साखर कमी चढते. पाचात एक!

आत्या आता ठीक आहे. मी म्हटलं निदान तो मेसेज तरी डिलीट कर, तर म्हणे, "राहू दे गं, खाली ठिपक्यांची रांगोळी छान दिलीये."