चौथा मालक

गेल्या गुरुवारी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, गंगावेशीत दूध कट्ट्यासमोर माझी मारुती ८०० बंद पडली. बंद पडली याचं दुःख नाही. २७ वर्षांची गाडी आहे, बंद पडणारच. दुःख पुढचं आहे, आणि ते मी घरात अजून सांगितलेलं नाही.

गाडी का घेतली ते पटकन सांगून टाकतो. कोल्हापूरचा पाऊस, मुलीची शाळा आणि मोटरसायकलवर तिघं बसून चौकातल्या पोलिसाकडं बघून दरवेळी कसनुसं हसण्याचा आलेला कंटाळा. १९९८ चं मॉडेल, बत्तीस हजार रुपये. विकणारा म्हणाला, "एका हातात चाललेली गाडी आहे." कागद बघितले तर तो तिसरा मालक. म्हणजे एका हातात चालली होती हे खरंच होतं, एका वेळी एकाच्याच.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं पायाखालचं कार्पेट उचललं तेव्हा वाळलेल्या गाळाचा थर निघाला आणि गाळात खेकड्याची एक नांगी. मिस्त्रीनं ती माझ्या तळहातावर ठेवली. मी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, "२०१९ ला पाणी आलतं, पण गाडी उंचावर होती." म्हटलं, कुठं? "दारात." आणि दार? "नदीकडंला."

पुढचे दोन महिने मी मिस्त्रीच्या हवाली होतो. माणूस हाताचा चांगला, पण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, "होतंय की." गाडी कधी मिळेल? होतंय की. खर्च किती? होतंय की. हा आवाज कसला येतोय? होतंय की! तळाचा पत्रा नवा टाकला, दारांना लांबी भरून रंग मारला, क्लच प्लेट बदलली, निम्मं वायरिंग बदललं, कार्बोरेटर खोलून साफ केला. बिल झालं ४१ हजार. बायकोनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच म्हणाली, "दोन्ही मिळून ७३ हजार. तेवढ्यात नवी स्कूटर आली असती, आणि सुरू झाली असती."

एक गोष्ट मात्र निघेना. सीटच्या शिवणींमधून एक लालसर भुकटी सारखी झडायची. गंज, दुसरं काय! पंधराशे रुपये देऊन आतून धुऊन घेतली, तरी पांढरा शर्ट घालून बसलं की पाठ गुलाबी. पतसंस्थेत लोक मागून बघून हसायचे.

तर गुरुवार. गंगावेशीतला दूध कट्टा कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला ओळीनं उभ्या असतात, समोर धार काढतात आणि लोक तिथंच उभ्या उभ्या पेलाभर गरम फेसाळ दूध पितात. मी बायकोनं सांगितलेलं अर्धा लिटर घ्यायला थांबलो होतो. परत येऊन सेल्फ मारला तर नुसतं खर्र खर्र. चोक ओढला. खर्र. चोक आणखी ओढला, चार वेळा रेस दिली. कच्च्या पेट्रोलचा वास सुटला आणि सेल्फचा आवाज म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा खोल खोल जायला लागला.

बंद गाडीभोवती माणसं जमायला आपल्याकडं वेळ लागत नाही, आणि इथं तर ती हातात पेले घेऊन आधीच जमलेली होती. एकानं बॅटरी सांगितली, दुसऱ्यानं प्लग. तिसऱ्यानं मला विचारलं, "पेट्रोल हाय काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला नक्की काय ऐकायचं असतं? नाही हो, राहिलंच बघा घालायचं, असं? म्हशीवाला म्हणाला, "पावणं, गाडी काढा, म्हशी बुजाय लागल्यात." तेवढ्यात कुणीतरी, "त्यापेक्षा म्हस घ्यायची व्हती. ही पिती, ती देती," म्हणून मोठा हशा मिळवला. वजनाचं म्हणाल तर ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, धष्टपुष्ट म्हशीहून थोडंसंच जास्त. शेजारी उभ्या केल्या तर गाडीच जरा अशक्त दिसत होती.

आणि मग गर्दीतून ते आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, ओठावर दुधाची मिशी, एका हातात पेला, दुसऱ्या हातात मावशींची पिशवी. मागं मावशी. ते माझ्याकडं आले नाहीत. थेट गाडीच्या मागं गेले, नंबर वाचला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि ओरडले, "अगं, ही आपली गाडी!"

मावशी पुढं झाल्या. "व्हय की!"

मग ते माझ्याकडं वळले. दुकानात आपली हरवलेली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसावी तसं बघत होते.

"कुणाकडनं घेतली?"

सांगितलं.

"त्येच्या आधी?"

म्हटलं, मला काय माहीत.

"त्येच्या आधी आमची. पयला मालक आमी. १९९८ ला सोसायटीचं कर्ज काढून घेतलीया." हे जमावाला उद्देशून. साखर कारखान्यात ते स्लिपबॉय म्हणून लागले होते आणि शेती अधिकारी म्हणून निवृत्त झाले, असं कळलं. या गाडीतून त्यांनी पाच पाच शेतकरी नेले होते, डिकीत उसाचं बेणं नेलं होतं आणि एकदा मागच्या सीटवर रेडकू. रेडकाचं सांगताना त्यांनी शेजारच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली, जणू तीच ती.

मग तपासणी सुरू झाली. "हा रंग कुणी दिला? हिचा रंग मोतिया व्हता." म्हटलं, मी दिला. "हॉर्न कुठाय?" हा काय. "ह्यो न्हवं, आमचा मंजुळ व्हता." त्यांनी दार उघडून खाली हात घातला. "पत्रा बदलला?" मी भाबडेपणानं सांगून बसलो की गाळ निघाला, २०१९ चा पूर.

"पुरात ठिवली हिला?"

अहो, मी गाडी घेऊन आठ महिने झालेत. पण ते ऐकेनात. सगळा कट्टा माझ्याकडं असा बघायला लागला की पंचगंगेचं पाणी मीच बोट धरून गाडीत आणून सोडलं होतं. मावशी म्हणाल्या, "२००५ च्या पुरात ह्यांनी आधी गाडी हलवली, मग मला." त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या की अभिमानानं, कळलं नाही.

मी विचारलं, एवढा जीव होता तर विकली कशाला? ते पहिल्यांदा गप्प झाले. "पंधरा वर्षं झाली. पोरगं म्हणालं, आता पासिंगची कटकट, काढून टाका."

इथं मला त्यांचा पुळका आला हे कबूल करतो, कारण माझंही तेच दुखणं आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. १ एप्रिल २०२२ पासून तिचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर निराळा. माझी पाळी २०२८ ला आहे. म्हणजे बत्तीस हजारांच्या गाडीला जवळजवळ एक तृतीयांश किंमत नुसतं ‘आहे’ म्हणायला. मी दिवसाला आठ किलोमीटर चालवतो. शेजारचे एक गृहस्थ कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रकएवढी गाडी काढतात, पण तिचं वय कमी, म्हणून ती निष्पाप. धूर सोडणारी गाडी खुशाल रस्त्यावरून हटवा, त्याला कोण नाही म्हणतंय? पण आधी वय विचारायचं आणि मग धूर, हा काय न्याय? याच जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंगांना मिळाली होती. कंपनीनं ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात मानानं ठेवली आहे. तिचं कौतुक, आणि तिच्या धाकट्या बहिणीला दंड. असो. हे मी कट्ट्यावर बोललो नाही. तिथं मला बोलू कोण देत होतं!

काकांचं बोट तोवर सीटच्या शिवणीत गेलं होतं. बाहेर आलं ते गुलाबी होऊन. त्यांनी वास घेतला आणि ते बोट मावशींच्या कपाळाकडं नेलं.

"जोतिबाचा गुलाल. चैत्र यात्रेचा. दर साली जायचो."

कट्ट्यावरून कुणीतरी "चांगभलं!" म्हणालं. चार जणांनी खिडकीतून हात घालून माझ्या सीटला नमस्कार केला. मी हीच भुकटी गंज समजून पंधराशे रुपयांच्या फेसात घालवायला निघालो होतो हे मी गिळून टाकलं.

"उतरा," काका म्हणाले.

मी उतरलो. का उतरलो? स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या? तेव्हापासून हाच विचार करतोय. ते बसले, सीट पुढं ओढली, आरशाला न बघता हात घालून तो हवा तसा वळवला. ओढलेला चोक बघून त्यांनी जिभेनं च्च केलं आणि तो आत ढकलला. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरला, एकदाही रेस न देता. "गरम इंजिनाला चोक देत्यात व्हय? प्लग भिजलं असतील. पाय दाबून धरायचा, हवा जाऊ द्यायची. फकस्त हवा." आणि सेल्फ मारला. एक, दोन, तीन, चार. पाचाला काळ्या धुराचा एक ढेकर देऊन गाडी सुरू झाली.

टाळ्या पडल्या. दूध कट्ट्यावर, म्हशींच्या साक्षीनं, टाळ्या! ४१ हजारांचं काम केलेल्या मिस्त्रीनं हे एवढं वाक्य मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? विचारलं असतं तर म्हणाला असता, होतंय की.

मला वाटलं आता उतरतील. ते म्हणाले, "बसा की. फुलेवाडीला जायाचंय." मी पुढचं दार उघडलं तर तिथं मावशी बसत होत्या. त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि डावीकडची काच खाली केली. ती काच माझ्याच्यानं आजवर कधी खाली गेलेली नाही. मी मागं बसलो, अर्धा लिटर दूध मांडीवर धरून, रेडकाच्या जागेवर. आख्ख्या रस्त्यात गाडीनं एक आचका दिला नाही. रंकाळ्याच्या कडेनं जाताना तर ती गुणगुणत होती, आणि मला ते ऐकून जे वाटलं ते सभ्य माणसाला शोभणारं नाही.

फुलेवाडीत घरासमोर थांबून त्यांनी मंजुळ नसलेला हॉर्न तीनदा वाजवला. शेजारीपाजारी बाहेर आले. नातवंडं आली, बॉनेटवर चढली. एका बाईनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. मी फाटकाजवळ दूध धरून उभा. एका शेजाऱ्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे कोण?"

काका टायरला हात लावून बघत होते. मान न वळवता म्हणाले, "हे व्हय? सध्या गाडी ह्यांच्याकडं असती."

तेव्हा त्यांनी माझा नंबर घेतला. शुक्रवारी फोन आला, ऑइल बघितलं का. शनिवारी आला, चाकात हवा किती. काल रात्री आला तो असा, "रविवारी सकाळी सहाला या, जोतिबाला जाऊन यिऊ. आणि येताना टाकी भरून आणा. २८ लिटर बसतंय."