पाहुणा गोलकीपर आणू नका, राजेहो

सोयाबीन घरात आलं, कापसाची एखाद-दुसरी वेचणी झाली की आपल्याकडं गावोगावी फुटबॉलचे सामने लागतात. आणि त्याच आठवड्यात क्लबवाल्यांचे फोन सुरू होतात. "दोन दिवसाले कीपर भेटन का भाऊ? गाडीभाडं देतो, जेवण देतो." गावचा कीपर असतो, पण मागच्या मॅचमध्ये त्यानं दोन गोल खाल्लेले असतात. मग त्याला बसवतात नाहीतर बॅकला टाकतात.

फॉरवर्ड बाहेरून आणा, काही बिघडत नाही. त्यानं एक गोल मारला तरी भाडं वसूल. कीपर मात्र आणू नका. कितीही चांगला असला तरी पहिल्या कॉर्नरला त्याला तुमच्या स्टॉपरचं, म्हणजे मधल्या बॅकचं, नाव माहीत नसतं, आणि गोल तिथंच होतो.

जर्मनीचा जुना कीपर सेप मायरचं उदाहरण घ्या. 1966 ते 1979 या काळात बायर्न म्युनिक या क्लबसाठी जर्मन लीगचे सलग 442 सामने तो खेळला. लीगमध्ये वर्षाला 34 सामने, म्हणजे पूर्ण तेरा हंगाम एकही सामना चुकला नाही. ही मालिका तुटली ती 1979 च्या कार अपघातानं. त्या अपघातानं त्याचं खेळणंच थांबवलं.

हा आकडा सगळे सांगतात. त्या तेरा वर्षांत काय काय झालं ते कोणी सांगत नाही. 15 मे 1974, ब्रुसेल्स, युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन कपची फायनल. जादा वेळेत अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या लुईस अरागोनेसनं फ्री किक मारली आणि मायर जागचा हललासुद्धा नाही. शेवटच्या क्षणी बायर्नच्या श्वार्झेनबेकनं बरोबरी केली म्हणून वाचले. दोन दिवसांनी पुन्हा सामना झाला, कीपर तोच, आणि बायर्ननं 4-0 नं कप नेला. सात जुलैला हाच माणूस म्युनिकमध्ये वर्ल्ड कपची फायनल जिंकला. पुढं ऑगस्टमध्ये लीगच्या पहिल्याच सामन्यात ऑफेनबाखनं बायर्नला 6-0 नं धुतलं. त्या हंगामात टीम दहाव्या नंबरवर राहिली, मध्येच कोच बदलला, कीपर नाही बदलला. आणि त्याच हंगामात पुन्हा युरोपियन कप आला. 1976 मध्ये तर शाल्कनं बायर्नच्याच घरच्या मैदानावर सात गोल घातले. सात! आपल्याकडं हाफटाइमलाच कीपरचे हातमोजे काढून घेतले असते. मायर पुढच्या सामन्याला गोलमध्ये उभा होता.

आता कोणी म्हणेल, मायर होता म्हणून ठेवला. थोडं खरं आहे. पण त्याच्या पुढं 1977 पर्यंत बेकेनबाऊअर आणि श्वार्झेनबेक हीच बॅकची जोडी होती, हे विसरू नका. कीपर निम्मा हातानं खेळतो, निम्मा पुढच्या माणसाच्या ओळखीवर. आपला स्टॉपर डावीकडं वळला की अडखळतो, लेफ्ट बॅक कॉर्नरला नेहमी एक पाऊल उशिरा उडी मारतो, हे हंगामभर मागं उभं राहिल्यावरच कळतं. मग कीपर चेंडू यायच्या आधी ओरडतो. ओरडायचे शब्द चारच ठेवा आणि सगळ्या टीमला पाठ करून घ्या: "माझा" म्हणजे मी येतोय, बाजूला हो. "मार" म्हणजे बाहेर काढ. "माणूस" म्हणजे मागं कोणी आहे. "वळ" म्हणजे मोकळा आहेस. "अरे बघ बघ बघ" हा काही कॉल नव्हे.

मैदानाचीही ओळख लागते. आपली काळी माती. पावसाळ्यात पायाला चिकटते, डिसेंबरनंतर भेगा पडतात, चेंडू सरळ येता येता ढेकळाला लागून वळतो. म्हणून खाली आलेला चेंडू नुसता वाकून उचलायचा नाही. एक पाय वळवून गुडघा दुसऱ्या टाचेजवळ आणायचा, म्हणजे हातामागं पायांची भिंत होते. छातीवरच्या चेंडूला दोन्ही अंगठे जवळ, खालच्या चेंडूला दोन्ही करंगळ्या जवळ. 1992 पासून आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू कीपरला हातात घेता येत नाही. तेव्हा बॅकनं पास गोलच्या चौकटीत नाही, खांबाच्या बाहेरच्या अंगानं द्यायचा. उसळला तर कॉर्नर जाईल, गोल होणार नाही. हे एवढंसं पाळलं जात नाही आणि शिव्या कीपर खातो.

निवडच चुकते खरं तर. धावून दम लागणारं पोट्टं नाहीतर सगळ्यात उंच पोट्टं गोलमध्ये उभं करतात. त्यापेक्षा कबड्डीतला बघा, तो आधीच गुडघ्यात वाकलेला असतो. खो-खोवालाही चालतो, भीती मोडलेली असते. फक्त त्याची सूर मोडावी लागते. खो-खोत सूर पुढं पोटावर असते. इथं आडवं जायचं असतं, आणि जमिनीला आधी पिंढरीची बाजू, मग मांडी, कंबर, शेवटी खांदा लागला पाहिजे. कोपर आधी टेकलं तर चेंडू सुटतो आणि खांद्याचं हाडही जातं. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग अर्धं वाकून, शेवटी उभ्यानं. प्रत्येक बाजूला आठ-आठ, तीन वेळा, मध्ये दम खाऊ द्या. पोरगं एकाच बाजूला छान पडतं, सगळ्यांचंच असं असतं. दुसऱ्या बाजूनं सुरुवात करा.

हे कडक जमिनीवर शिकवू नका. गोलच्या मागं 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा खणा. अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त रेती लागते, गोटे चाळून काढा. पूर्व विदर्भात धानाची तणस वरून टाकली तरी चालते. सोयाबीनचं कुटार मात्र टाकू नका, शेंगांची टोकं पोरांच्या अंगात जातात.

खुद्द गोलसमोर मात्र रेती ओतून ठेवू नका, चेंडू रुतून थांबतो. तिथं कीपरच्या पायांनी पडलेला खड्डा भरायचा. दोन घमेली माती, एक घमेलं रेती, चार बोटांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. चार इंचाच्या खड्ड्यात उभा असलेला कीपर बारपर्यंत चार इंच कमी पोचतो, आणि खड्ड्याच्या काठावर आदळलेला चेंडू कुठं जाईल ते देवालाही माहीत नाही.

आता दोराचं. जागा कशी धरायची हे तोंडानं सांगून समजत नाही. साडेसोळा-साडेसोळा मीटरचे दोन दोर घ्या, विहिरीचे चालतील. एकेक टोक एकेका खांबाला बुडाशी बांधा, दुसरी दोन्ही टोकं गोलच्या बरोबर समोर 16 मीटरवर चेंडूपाशी एका खुंटीला. गोलरेषेवर दोरांमध्ये 7.32 मीटर अंतर असतं, म्हणजे मधोमध उभ्या कीपरला प्रत्येक बाजूला साडेतीन मीटरहून जास्त. तोच पाच मीटर पुढं आला की बाजूला अडीच मीटरच उरतात. एक पाऊल आणि एक झेप. पोरगं स्वतः दोरांमध्ये चालून बघतं आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मग खुंटी डाव्या बाजूला हलवा, तिथंही मध्य शोधू द्या. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. पुढं यायचं ते समोरच्याचा चेंडू पायापासून सुटलेला असताना, नाहीतर डोक्यावरून टाकतो. आणि त्यानं पाय उचलला की आपले दोन्ही पाय जमिनीवर, थांबलेले. चालता कीपर झेप घेऊ शकत नाही.

हातमोज्यांवर पैसे उधळू नका. महागडे, मऊ तळव्याचे मोजे मुरमाड मैदानावर लवकर फाटतात. सरावाला जाड तळव्याची साधी जोडी, सामन्याला दुसरी. बोटांच्या टोकाशी सेंटीमीटरभर जागा हवी. खेळायच्या आधी तळवे ओले करा, नंतर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात कुंपणावर टाकलेला मोजा पापडासारखा तडकतो.

आणि एक वही ठेवा. खाल्लेला प्रत्येक गोल लिहा: कुठून आला, किती लांबून, कॉर्नर की समोरासमोर, चेंडू आधी कोणाच्या पायातून गेला. दहा सामने झाल्यावर वही उघडा. सहा गोल उजव्या बॅकच्या बाजूनं आलेले दिसले तर कीपर बदलून काय होणार?

दुसरा कीपरही घरचाच घडवा. ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबचा कीपर रोजेरिओ सेनी 1990 मध्ये क्लबात आला आणि नेहमीचा कीपर व्हायला त्याला 1997 उजाडलं. 2015 ला थांबला तेव्हा एकाच क्लबसाठी 1,237 सामने आणि फ्री किक-पेनल्टीवर शंभराहून जास्त गोल, कीपर असून. आपल्या दुसऱ्या पोराला सात वर्षं बसवा असं म्हणत नाही. सरावाच्या मॅचमध्ये शेवटची वीस मिनिटं त्याला द्या, आणि पहिल्यानं गोल खाल्ल्यावर लगेच नको, आधी ठरवलेल्या वेळेलाच द्या. नाहीतर दोघंही गोलमध्ये उभे राहून चेंडूकडं नाही, कॅप्टनच्या तोंडाकडं बघत राहतात.